युटाहच्या तांड्यातला खापरपणजोबा: मॉर्मन पायनियर पूर्वजाचा माग कसा काढावा

पूर्वज शोधायला बसलेल्या माणसाची पहिली तक्रार असते की कागदच मिळत नाहीत. मॉर्मन पायनियराच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकात युटाहला येऊन वसलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या माणसाच्या, बाबतीत उलटं होतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर नाव टाकलं की तयार वंशवेल समोर उलगडते. फोटो, तारखा, मुलांची नावं तर असतातच, शिवाय कुणा नातीने पन्नास-साठ वर्षांनी लिहून काढलेली भावपूर्ण हकीकतही असते. कधी ती वेल चढत चढत मध्ययुगातल्या इंग्रज सरदारापर्यंत पोचते. माझं सासर युटाहचं, त्यामुळे अशा गोष्टी मी जेवणाच्या टेबलावर भरपूर ऐकल्या आहेत. त्यातल्या बऱ्याच खऱ्याही आहेत. पण कोणत्या खऱ्या, हे ठरवायचं तर एक नियम पाळावा लागतो: घटनेच्या जास्तीत जास्त जवळ लिहिलेला कागद आधी, बाकी सगळं नंतर.

आधी कालपट पाठ करा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पुढे चाळणी म्हणून तो रोज लागतो. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या फायेट इथे जोसेफ स्मिथने मॉर्मनांचं चर्च स्थापन केलं. तिथून मंडळी ओहायोतल्या कर्टलंडला आणि मिझुरीत गेली. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिझुरीचा गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने त्यांना राज्यातून हुसकावण्याचा हुकूम काढला. मग १८३९ पासून मिसिसिपीच्या काठी, इलिनॉयमध्ये, नॉवू शहर वसलं. २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला ठार मारलं. फेब्रुवारी १८४६ मध्ये नॉवू सोडणं सुरू झालं, पुढचा हिवाळा आजच्या ओमाहाजवळ विंटर क्वार्टर्समध्ये गेला, आणि २४ जुलै १८४७ रोजी स्मिथनंतरचा नेता ब्रिगहॅम यंग युटाहमधल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरला. १० मे १८६९ रोजी प्रॉमंटरी समिट इथे रेल्वे जोडली गेली. त्याआधी जो बैलगाडीने, हातगाडीने किंवा पायी आला तो पायनियर, असा हिशेब सगळे धरतात.

चाळणी कशी चालते ते पाहा. वेबसाइटवरच्या वंशवेलीच्या झाडावर लिहिलंय, मूल १८३६ साली नॉवूत जन्मलं. तेव्हा नॉवू नव्हतंच. म्हणजे एक तर साल चुकलंय किंवा गाव चुकलंय, आणि दोन्ही कुणीतरी आठवणीवरून भरलंय.

मागे जा, पुढून येऊ नका

थेट १८४७ वर उडी मारू नका. आधी पायनियराच्या मुलाचा किंवा नातवाचा मृत्यू शोधा. युटाहमध्ये जन्म-मृत्यूची नोंद जिल्हा पातळीवर १८९८ ला आणि राज्यभर १९०५ पासून सुरू झाली. जुने मृत्यू दाखले राज्याच्या अभिलेखागाराने ऑनलाइन फुकट ठेवले आहेत. दाखल्यावर मृताच्या आईवडिलांची नावं आणि त्यांची जन्मस्थळं असतात. त्याखाली माहिती देणाऱ्याची सही असते, ती आधी बघा. बायकोने सांगितलेलं सासूचं माहेरचं नाव आणि शेजाऱ्याने सांगितलेलं नाव यांची किंमत एक नाही.

लग्नाचे सरकारी परवाने युटाहमध्ये १८८७ नंतरच मिळतात. त्याआधीच्या लग्नांसाठी चर्चच्या नोंदी, वर्तमानपत्रं किंवा मुलांची वयं यांवरच भिस्त. डेझरेट न्यूज हे वर्तमानपत्र १५ जून १८५० पासून निघत होतं आणि युटाह डिजिटल न्यूजपेपर्सवर शब्द टाकून शोधता येतं. मृत्युलेखात ‘अमक्या कॅप्टनच्या तांड्यातून आला’ अशी ओळ बऱ्याचदा सापडते. तिला पुरावा मानू नका, धागा माना.

मुलांच्या जन्मस्थळांची शिडी

मला या कामात सगळ्यात आवडणारी पायरी ही, म्हणून इथे थोडा वेळ घालवते.

अमेरिकेची जनगणना दर दहा वर्षांनी होते. युटाहची १८५० ची जनगणना प्रत्यक्षात १८५१ मध्ये झाली, त्यामुळे वयात एक वर्ष इकडेतिकडे धरा. १८५६ ची प्रादेशिक जनगणना शक्य तोवर बाजूला ठेवा. राज्याचा दर्जा मिळावा म्हणून लोकसंख्या फुगवण्यासाठी त्यात गैरहजर आणि मृत माणसंही घुसडली गेली, असं जाणकार मानतात. १८९० ची बहुतेक सगळी जनगणना १९२१ च्या आगीत गेली. राहिल्या १८६०, १८७०, १८८०, १९००.

आता १८६० ची एक ओळ घ्या. समजा वडील ४१, आई ३८, दोघांचं जन्मस्थळ इंग्लंड. मोठा मुलगा १५ वर्षांचा, इंग्लंड. मुलगी ११, इंग्लंड. पुढचा मुलगा ८, मिझुरी. त्यानंतरचा ५, मिझुरी. धाकटी २, युटाह. एवढ्यावरून कळतं की कुटुंबाने १८४९ ते १८५२ च्या दरम्यान समुद्र ओलांडला, निदान तीनेक वर्षं मिझुरीत, बहुधा सेंट लुईसच्या बाजूला, मजुरी करून पैसे जमवले, आणि १८५५ ते १८५८ मध्ये पुढे कूच केलं. घरात चालत आलेली ‘आमचे आजोबा ब्रिगहॅम यंगबरोबर १८४७ ला आले’ ही गोष्ट इथेच संपते, कारण मिझुरीत जन्मलेलं पाच वर्षांचं मूल खोटं बोलत नाही.

१८७० पर्यंत जनगणनेत कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं नसतं. ते आणि आईवडिलांचं जन्मस्थळ १८८० पासून येतं. १९०० मध्ये देशात आल्याचं वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली आणि आईला किती मुलं झाली व किती हयात आहेत हेही असतं. त्या शेवटच्या दोन रकान्यांतला फरक म्हणजे झाडावर नसलेली मुलं.

बिजागरी: कोणत्या वर्षी, कोणाच्या तांड्यातून

शिडीवरून दोन-तीन वर्षांची फट मिळाली की चर्चच्या इतिहास विभागाचा चरित्र-डेटाबेस उघडा. पूर्वी याला ओव्हरलँड ट्रॅव्हल डेटाबेस म्हणत. १८४७ ते १८६८ मधले तांडे, त्यांचे कॅप्टन, निघण्याच्या आणि पोचण्याच्या तारखा आणि प्रवाशांच्या याद्या त्यात आहेत. नाव सापडलं तर नावाखालचा आधार बघा. त्या वेळची हजेरी-यादी असेल तर पक्कं. नंतरच्या चरित्रावरून घेतलेलं असेल तर अजून शोधायचंय.

नाव सापडलं नाही, असंही फार होतं, कारण सगळ्याच तांड्यांच्या याद्या पूर्ण टिकलेल्या नाहीत. अशा वेळी सोबतच्यांना शोधा. त्याच इंग्लिश गावातले शेजारी, मेव्हणा, पुढे युटाहमध्ये शेजारच्या प्लॉटवर राहिलेलं घर, यांच्यातलं कोण कधी आलं ते काढा. ही मंडळी एकेकटी क्वचितच निघत.

आणि तांडा कळला की त्याच्या पानावरचे डायऱ्यांचे उतारे वाचाच. तुमच्या पूर्वजाला लिहिता येत नसेल, पण शंभर-दोनशे माणसांत कुणीतरी रोज लिहीत होतं. नदी कधी ओलांडली, कोणाचं मूल गेलं, पीठ किती उरलं, हे तिथे असतं.

हातगाडीवाल्यांबद्दल जरा सावध राहा. १८५६ ते १८६० मध्ये हातगाड्यांचे फक्त दहा तांडे निघाले, सुमारे तीन हजार माणसं. सगळ्या पायनियरांची संख्या साठ-सत्तर हजार धरली तर हे प्रमाण फार लहान. तरीही युटाहमध्ये बघाल तिकडे ‘आमची पणजी हातगाडी ओढत आली’. त्याचं कारण १८५६ चे विली आणि मार्टिन तांडे. आयोवा सिटीहून ते जुलैच्या मध्यानंतर, म्हणजे फार उशिरा निघाले. वायोमिंगमध्ये बर्फात अडकले आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. प्रौढ माणसाला सामान १७ पौंड, जेमतेम पावणेआठ किलो, एवढंच नेता येई. ही गोष्ट इतकी जबर आहे की वंशजांनी ती आपल्या दिशेला ओढून घेतली तर नवल नाही. याच दोन तांड्यांच्या मागोमाग हंट आणि हॉजेट यांचे बैलगाड्यांचे तांडेही त्याच बर्फात सापडले होते. ‘पणजी मार्टिनबरोबर होती’ असं घरात म्हणत असतील तर तिचं नाव या दोन याद्यांतही बघा.

तांड्यात नसणारे

सगळे तांड्याने आले नाहीत. ४ फेब्रुवारी १८४६ रोजी न्यूयॉर्कहून ‘ब्रुकलिन’ जहाज सॅम्युअल ब्रॅननच्या नेतृत्वाखाली निघालं आणि केप हॉर्नला वळसा घालून ३१ जुलैला आजच्या सॅन फ्रान्सिस्कोला लागलं. त्याच वर्षी सुमारे पाचशे पुरुष मॉर्मन बटालियनमध्ये भरती होऊन मेक्सिकन युद्धासाठी चालत गेले. या सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना १८८७ च्या कायद्याने पेन्शन मिळालं. ती फाइल राष्ट्रीय अभिलेखागारात असेल तर लग्नाचा पुरावा आयताच हाती लागतो.

आणि १८४६ नंतर पूर्वज अचानक गायब झाला असेल तर तो मेला असंच समजू नका. जोसेफ स्मिथची पत्नी एमा स्वतः नॉवूतच राहिली. १८६० मध्ये तिच्या मुलाच्या नेतृत्वाखाली वेगळं, पुनर्गठित चर्च उभं राहिलं. त्याचं आजचं नाव कम्युनिटी ऑफ क्राइस्ट, आणि अभिलेखागार मिझुरीतल्या इंडिपेंडन्समध्ये आहे.

समुद्र आणि त्यापलीकडचं गाव

इंग्लंडमध्ये प्रचारक १८३७ ला प्रेस्टनला पोचले आणि १८४० पासून लिव्हरपूलहून जहाजं भरून माणसं निघू लागली. यासाठी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा ‘सेंट्स बाय सी’ हा फुकट डेटाबेस आहे. त्यात जहाजाचं नाव, प्रवाशांची यादी आणि सहप्रवाशांच्या आठवणी एकत्र मिळतात. १८५५ पर्यंत बहुतेक जहाजं न्यू ऑर्लीन्सला जात आणि तिथून माणसं नदीमार्गे वर येत. त्या वाटेवर कॉलऱ्याने बळी घेतले, म्हणून पुढे न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बॉस्टनकडे मोर्चा वळला. तुमचा पूर्वज १८५३ ला आला असेल आणि तुम्ही न्यूयॉर्कच्या बंदराच्या याद्या चाळत असाल तर वेळ फुकट जाईल.

इंग्लंड-वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्मनोंद आहे, त्याआधी पॅरिशच्या, म्हणजे एका स्थानिक चर्चच्या हद्दीतल्या गावांच्या, वह्या. १८४१ च्या ब्रिटिश जनगणनेत पंधराच्या वरची वयं बहुधा पाचाच्या पटीत खाली आणून लिहिली आहेत, तेव्हा ‘वय ३५’ म्हणजे ३५ ते ३९ मधलं काहीही. १८५१ च्या जनगणनेत मात्र जन्माची पॅरिश मिळते, आणि तीच तुम्हाला हवी असते.

डेन्मार्कचं प्रकरण अवघड, पण जमलं की फार सुरेख. तिथे १८४९ च्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिलं आणि १८५० मध्ये प्रचारक आले. अडचण आडनावांची: येन्सचा मुलगा येन्सन, मुलगी येन्सदात्तर, आणि त्याच्या मुलांचं आडनाव पुन्हा वेगळं. युटाहमध्ये आल्यावर मुलीचंही येन्सन झालं. म्हणजे अमेरिकी आडनाव घेऊन डॅनिश वह्यांत शोधलं तर ती सापडणार नाही. पुरेशी माहिती म्हणजे पहिलं नाव, वडिलांचं पहिलं नाव, जन्मतारीख आणि पॅरिश. डॅनिश राष्ट्रीय अभिलेखागारात चर्चच्या वह्या आणि जनगणना फुकट बघता येतात. १८४५ च्या जनगणनेपासून जन्माची पॅरिश लिहिलेली आहे. वह्यांत गाव सोडून गेलेल्यांच्या वेगळ्या याद्याही असतात. कोपनहेगनच्या पोलिसांच्या प्रसिद्ध स्थलांतर-नोंदी मात्र १८६९ पासूनच्या आहेत, त्यामुळे पायनियरांसाठी निरुपयोगी. शिवाय डॅनिश मंडळी बऱ्याचदा हल किंवा ग्रिम्सबीला उतरून लिव्हरपूलहूनच पुढे जात, म्हणून जहाज ब्रिटिश याद्यांत शोधा.

चर्चच्या नोंदी वाचण्याची हातोटी

चर्चचे स्थानिक घटक म्हणजे ब्रँच आणि वॉर्ड, आणि त्यांच्या वरचा स्टेक. त्यांच्या सभासद-नोंदी फॅमिलीसर्चवर आणि सॉल्ट लेक सिटीतल्या चर्च हिस्ट्री लायब्ररीत आहेत. इथे एक ठेच हमखास लागते, ती बाप्तिस्म्याच्या तारखेची. युटाहला पोचल्यावर अनेकांनी नव्याने बाप्तिस्मा घेतला, आणि १८५६-५७ च्या धर्मसुधारणेच्या लाटेत तर घाऊक पुनर्बाप्तिस्मे झाले. म्हणून युटाहच्या वहीत १८५७ दिसलं की ‘तेव्हाच चर्चमध्ये आला’ असा निष्कर्ष काढू नका. खरी तारीख इंग्लंडमधल्या ब्रँचच्या वहीत असू शकते.

डिसेंबर १८४५ ते फेब्रुवारी १८४६ मध्ये नॉवूच्या टेंपलमध्ये पाच हजारांहून जास्त माणसांचे विधी झाले. त्या नोंदवहीत जन्मतारखा आहेत. पेट्रिआर्क या पदावरचा माणूस एकेका सभासदाला जो आशीर्वाद देई, त्या पेट्रिआर्कल आशीर्वादाच्या लेखी प्रतीत बहुधा आईवडिलांची नावं आणि जन्मस्थळ असतं, आणि चर्चच्या सभासदाला आपल्या थेट पूर्वजाची प्रत मागवता येते.

याहून रोचक दोन कागद पैशांचे आहेत. मिझुरीतून हाकलल्यावर शेकडो कुटुंबांनी नुकसानभरपाईसाठी शपथपत्रं दिली: किती एकर जमीन गेली, किती गुरं, मक्याचं पीक कोणी नेलं. अर्ज फेटाळले गेले, पण कागद राहिले. दुसरा म्हणजे १८४९ मध्ये सुरू झालेला पर्पेच्युअल इमिग्रेटिंग फंड. गरिबांना प्रवासासाठी उसने पैसे देणारी ही संस्था १८८७ मध्ये सरकारने मोडली. १८७७ मध्ये तिने कर्जदारांची छापील यादी काढली होती, ज्यात १८५० पासूनची थकबाकी आणि जामीनदारांची नावं आहेत. जामीनदार हा पुष्कळदा नातेवाईकच निघतो. घरातल्या चरित्रात कर्ज बुडवल्याचा उल्लेख सापडणार नाही, यादीत सापडेल.

सवती, सीलिंग आणि सावत्र भावंडं

बहुपत्नीत्व चर्चने १८५२ मध्ये जाहीर केलं आणि १८९० च्या ‘मॅनिफेस्टो’ या जाहीरनाम्याने नवी लग्नं थांबवण्याची घोषणा केली. जनगणनेच्या पानावर एकाच आडनावाच्या दोन-तीन बायका शेजारशेजारच्या घरांत कुटुंबप्रमुख म्हणून दिसल्या तर त्यांना विधवा समजण्याआधी नवऱ्याचं नाव आसपास शोधा. कोणतं मूल कोणत्या आईचं, हे जन्मतारखांवरून तपासा. झाडावर एका आईच्या नावावर पाच महिन्यांच्या अंतराने दोन मुलं असतील तर काय झालंय हे उघड आहे.

सीलिंग म्हणजे नातं अनंतकाळासाठी बांधण्याचा विधी, आणि ते नातं रक्ताचं असेलच असं नाही. विधवा पहिल्या, मृत नवऱ्याला सील झालेली असेल तर दुसऱ्या नवऱ्यापासूनची मुलं कधी पहिल्याच्या नावाने नोंदवलेली दिसतात. काही पुरुष चर्चच्या नेत्यांना ‘दत्तक पुत्र’ म्हणून सील झाले होते. १८९४ मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी ती प्रथा बंद करून लोकांना आपापल्या खऱ्या आईवडिलांना, शक्य तितकं मागे जाऊन, सील व्हायला सांगितलं. त्याच वर्षी युटाहची वंशावळ संस्था निघाली आणि तिचंच पुढे फॅमिलीसर्च झालं. आज जगभरचे लोक जी फुकट वेबसाइट वापरतात तिचं मूळ या एका धार्मिक निर्णयात आहे.

डीएनए चाचणी केलीत तर सावत्र नात्यांमुळे जुळणीचे आकडे अपेक्षेपेक्षा कमी येतील, याची तयारी ठेवा. जोसेफ स्मिथची मुलगी असल्याचं सांगितल्या गेलेल्या जोसेफिन लायनच्या वंशजांची चाचणी झाली तेव्हा २०१६ मध्ये ती त्याची मुलगी नसल्याचं स्पष्ट झालं.

सामायिक झाडावर काम करताना

फॅमिलीसर्चचं खातं फुकट मिळतं आणि त्यासाठी मॉर्मन असावं लागत नाही. मृत व्यक्तींचं झाड सगळ्यांचं एकच असतं आणि कुणीही त्यात बदल करू शकतो. त्यामुळे एकसारख्या नावाच्या दोन माणसांना कुणीतरी एकत्र करून टाकणं नेहमीचं. आधी ‘सोर्सेस’ उघडा. तिथे मूळ कागद नसतील तर ते पान रिकामं समजा. दुरुस्ती करताना कारणाच्या चौकटीत कागदाचं नाव आणि साल लिहा, नाहीतर महिन्याभरात कुणी मावसभाऊ ते परत फिरवेल. साक्षी जुळत नसतील तर सगळ्या ठेवा. कनेटिकटमधल्या विल्टनची जेन मॅनिंग जेम्स ही कृष्णवर्णीय पायनियर १८४७ ला सॉल्ट लेकला आली, तिने स्वतःची हकीकतही सांगून लिहून घेतली. तरी तिचं जन्मवर्ष वेगवेगळ्या कागदांत वेगवेगळं आहे.

आणि धागा हिंदुस्थानात निघाला तर

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत आपली पिढीजात नावं मिळतात, तशी सोय गोऱ्या शिपायांच्या घरांना इथे नव्हती. पण त्यांच्यासाठी कंपनी सरकारच्या वह्या होत्या. १८५० च्या दशकात मॉर्मन प्रचारक कलकत्त्याला आले. १८५२ मध्ये स्कॉटलंडचा ह्यू फिंडले मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात त्याने छोटी ब्रँच उभी केली. १८५६ पर्यंत हे मिशन जवळजवळ गुंडाळलं गेलं, पण काही कुटुंबं युटाहला गेली. बंगाल तोफखान्यातला मॅथ्यू मॅक्यून १८५७ मध्ये कुटुंबासह तिथे पोचला. १८४९ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये जन्मलेला त्याचा मुलगा आल्फ्रेड पुढे खाणी आणि रेल्वेत गबर झाला. त्याचा वाडा सॉल्ट लेक सिटीत अजून उभा आहे.

असा पूर्वज असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन नोंदी बघा, त्यांच्या मालिकांचे क्रमांक असे: बंगालसाठी एन/१, मद्राससाठी एन/२, मुंबई इलाख्यासाठी एन/३. फाइंडमायपास्टवर त्यांची छायाचित्रं पैसे भरून मिळतात, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस या संस्थेचा डेटाबेस फुकट चाळता येतो. युटाहच्या जनगणनेत मात्र ‘पूना’ टाकून थांबू नका. जन्मस्थळाच्या रकान्यात ‘ईस्ट इंडीज’, ‘हिंदुस्तान’ किंवा नुसतं ‘इंडिया’ असेल. गणना करणाऱ्याने ऐकलं तसं लिहिलं असण्याचाही संभव आहे, म्हणून आधी आडनाव टाकून पानं डोळ्यांनी चाळा.